बाग राखणारे आणि खेळ खेळविणारे

वैद्य, वकील, शिक्षक, छापखान्यांतील जुळारी, इतकेंच काय पण गवंडी आणि सुतार यांच्याही संघांचे इतिहास इंग्रजी भाषेंत विपुल सांपडतात. धंदा म्हटला कीं त्याची विद्या आली, विद्या म्हटली कीं ती कोणास द्यावी व कोणास देऊं नये हा वाद आला, आणि वादामागोमाग सभा, संमेलनें, मासिकें, पदव्या व रुसवेफुगवे हीं सर्व येतात. परंतु दुसऱ्यांच्या फुरसतीचा वेळ हेंच ज्यांचें कामाचें क्षेत्र, म्हणजे सुट्टीच्या दिवशीं बाग नीटनेटकी असावी, संध्याकाळीं पोरांस खेळावयास जागा असावी व तेथें त्यांस खेळविणारें कोणी तरी हजर असावें, एवढ्यासाठीं जे पगार घेतात, त्यांच्याही संघजीवनाचा असा एक इतिहास आहे. आणि पुष्कळ प्रतिष्ठित धंद्यांच्या इतिहासाहून तो आम्हांस अधिक मनोरंजक वाटतो. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा आहे. तेथें एकाच जमिनीवर काम करणारे दोन वर्ग, एक झाडें वाढविणारा व दुसरा मुलें खेळविणारा, जवळजवळ साठ वर्षें आपापल्या सभा निराळ्या भरवीत, मासिकें निराळीं काढीत आणि एकमेकांकडे कांहींशा संशयानें पाहत राहिले. शेवटीं १९६५ सालीं ते एका छपराखालीं आले. एवढा काळ कां लागावा, आणि या काळांत त्या छपराबाहेर कोण उभें होतें, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम बागवानांची गोष्ट. न्यूयॉर्क येथील सेंट्रल पार्कचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांनीं १८५८ सालीं सिद्ध केला. ओल्मस्टेड हा आदल्याच वर्षीं त्या बागेचा सुपरिंटेंडेंट नेमला गेला होता. शहरांत राबून शिणलेल्या माणसाच्या मनास हिरव्या माळाचें व झाडींतून दिसणाऱ्या पाण्याचें नुसतें दर्शन हेंच औषध होय, अशी त्याची श्रद्धा होती. त्यामुळें बाग ही एखाद्या चित्रासारखी पाहावयाची वस्तु ठरली. चित्रावर कोणी पाय देत नाहीं. बागेंत कसें वागावें हें लोकांस शिकविण्यासाठीं त्यानें रखवालदारांची एक शिस्तबद्ध तुकडी उभारली, आणि पुढें शहरोशहरीं ज्या मोठ्या बागा झाल्या त्यांतून हिरवळीबरोबर 'हिरवळीवर चालूं नये' ही पाटीही चांगली रुजली.

या बागा सांभाळणारे अधिकारी बहुधा हाडाचे माळी असत. कित्येक तर युरोपांत धंदा शिकून आलेले. १८९८ सालीं त्यांच्यापैकीं कांहीं जणांनीं बॉस्टन येथें जमून न्यू इंग्लंड प्रांतापुरता एक संघ स्थापिला. १९०४ मध्यें तो अखिल अमेरिकेचा झाला, आणि १९२१ पासून 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पार्क एक्झिक्युटिव्ह्ज' असें भारदस्त नांव त्यानें धारण केलें. असा संघ काढण्याची गरज कां पडली याचा विचार करूं लागलें म्हणजे या धंद्याचें एक वैशिष्ट्य ध्यानांत येतें. एका गांवांत वैद्य दहा असतात, वकील पन्नास असतात. आपल्या शास्त्रासंबंधीं बोलावेंसें वाटलें तर त्यांनीं शेजारचा दरवाजा ठोठावला कीं पुरे. उद्यानांचा सुपरिंटेंडेंट मात्र साऱ्या शहरांत एकच! झाडास अमुक कीड कां लागली, तळ्याचें पाणी कां मुरतें, रस्त्यावरची खडी पावसाळ्यांत वाहून कां जाते, हें तो गांवांत कोणाशीं बोलणार? नगरपालिकेच्या सभासदांस खर्चाचा आंकडा तेवढा कळे. म्हणून वर्षांतून एकदां दुसऱ्या शहरीं जावें, तेथील सोबत्याचें काम डोळ्यांनीं पाहावें आणि आपलें गाऱ्हाणें समजणारा एक तरी माणूस भेटल्याचें समाधान घेऊन परतावें, हा त्यांचा परिपाठ पडला. पुष्कळ धंदेसंघ मूळ एकटेपणांतून जन्मतात असें आम्हांस वाटतें. बागवानांच्या बाबतींत तर तें निःसंशय खरें आहे.

हे लोक सगळेच पाटीचे भक्त होते असें मात्र कोणी समजूं नये. या संघाच्या पुढाऱ्यांपैकीं थिओडोर वर्थ हा मूळचा स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गांवचा. १९०६ पासून १९३५ पर्यंत तो मिनिआपोलिस शहराच्या उद्यानांचा सुपरिंटेंडेंट होता, आणि तेथें येतांच त्यानें हिरवळीवरच्या पाट्या उपटून काढविल्या. पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को येथें जॉन मॅक्लारेन हा स्कॉटिश माळी पन्नास वर्षांहून अधिक काळ गोल्डन गेट पार्कचा सर्वाधिकारी होता. त्याचाही या पाट्यांवर राग असे. त्याहून मोठा राग पुतळ्यांवर. बागेंत कोणा थोर पुरुषाचा पुतळा उभारला गेला कीं हा गृहस्थ त्याच्याभोंवतीं झपाट्यानें वाढणारीं झुडपें लावून टाकी, आणि थोड्याच वर्षांत थोर पुरुष पानांआड अदृश्य होत. (आमच्याकडील चौकाचौकांतून असा एखादा मॅक्लारेन हवा होता असें कधीं कधीं मनांत येतें.)

खेळविणाऱ्यांचा उगम याहून साधा. मेरी झाक्शेव्स्का नांवाच्या, बर्लिनमध्यें जन्मलेल्या पण बॉस्टनला स्थायिक झालेल्या एका स्त्री-डॉक्टरनें बर्लिनच्या बागांतून लहान मुलांसाठीं टाकलेले वाळूचे ढीग पाहिले होते. तिच्या सूचनेवरून १८८५ सालीं बॉस्टनच्या नॉर्थ एंड या दाट वस्तीच्या भागांत, पार्मेंटर स्ट्रीटवरील एका चॅपेलच्या अंगणांत तसाच एक ढीग टाकण्यांत आला. मुलें जमलीं, खणूं लागलीं, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवण्यास कांहीं स्त्रिया हौसेनें येऊन बसूं लागल्या. दोन वर्षांतच या 'वाळूच्या बागां'ची संख्या वाढली व हौशी बायकांच्या जोडीस पगारी मेट्रनी नेमाव्या लागल्या. त्या पहिल्या पगाराबरोबर हा धंदा जन्मास आला असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें शिकागोमध्यें जेन ॲडम्स यांनीं १८८९ सालीं काढलेल्या हल हाउस या सेवागृहानें आपल्या शेजारीं क्रीडांगण केलें. न्यूयॉर्कमध्यें लिलियन वॉल्ड, चार्ल्स स्टोव्हर वगैरे मंडळींनीं १८९८ पासून चालविलेल्या खटपटीचें फळ म्हणून १९०३ सालीं सुअर्ड पार्क उघडलें. नगरपालिकेनें स्वतः कायमचें बांधलेलें हें त्या देशांतील पहिलें क्रीडांगण.

या स्टोव्हरची हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. हा अविवाहित, सेवागृहांत राहणारा, काहींसा विक्षिप्त मनुष्य १९१० सालीं न्यूयॉर्कच्या उद्यानखात्याचा मुख्य अधिकारी झाला. ज्या खात्याची सर्व प्रतिष्ठा सेंट्रल पार्कच्या चित्रवत् हिरवळींत सांठविलेली, त्याच्या डोक्यावर खेळाचा पुरस्कर्ता बसला! त्यानें खात्यांत मनोरंजनाची स्वतंत्र शाखा काढली. टीकाही भरपूर सोसली. ऑक्टोबर १९१३ मध्यें एके दिवशीं तो कचेरींतून बाहेर पडला, तो कित्येक आठवडे कोणास सांपडला नाहीं. देशभर शोध झाला. अखेर राजीनामा पाठवून तो आपल्या जुन्या सेवागृहांत येऊन राहिला. त्याच्या मनांत काय चाललें होतें तें तोच जाणे. परंतु दोन धंद्यांच्या सांध्यावर उभें राहणाऱ्या माणसाची स्थिति किती बिकट होती याची कल्पना यावरून कोणासही करतां येईल.

ज्या सालीं पुण्यास डेक्कन जिमखाना निघाला त्याच सालीं, म्हणजे १९०६ च्या एप्रिलांत, वॉशिंग्टन येथें 'प्लेग्राउंड असोसिएशन ऑफ अमेरिका' स्थापन झाली. डॉ. ल्यूथर गुलिक अध्यक्ष, हेन्री कर्टिस चिटणीस, आणि उपाध्यक्षांत जेन ॲडम्स. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं या मंडळींस व्हाइट हाउसमध्यें बोलावून घेतलें व संस्थेचें मानद अध्यक्षपदही स्वीकारलें. गुलिक हा मिशनरी घराण्यांतला, होनोलुलू येथें जन्मलेला व वैद्यकाची पदवी घेतलेला. स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत तो व्यायाम-विभागाचा प्रमुख असतांना, हिंवाळ्यांत छपराखालीं खेळतां येईल असा एखादा नवा खेळ शोधून काढा, असें त्यानें जेम्स नेस्मिथ या आपल्या सहाध्यापकास सांगितलें, आणि डिसेंबर १८९१ मध्यें बास्केटबॉल जन्मला. त्याच स्प्रिंगफील्डचा पदवीधर हॅरी क्रो बक यानें १९२० सालीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. तेव्हां आपल्याकडील शाळांतून शिट्टी फुंकीत मुलांच्या रांगा लावणारे जे व्यायामशिक्षक पुढें झाले, त्यांच्या गुरुपरंपरेची एक शाखा सरळ गुलिकपर्यंत जाऊन पोंचते. दुसरी शाखा मुंबईंतली. शिकागोच्या सेवागृहांच्या धर्तीवर क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं अमेरिकन मराठी मिशनतर्फें नागपाडा येथें 'नेबरहुड हाउस' चालविलें. तेथें हाच खेळ गल्लींतील पोरांच्या इतका अंगवळणीं पडला कीं नागपाडा आणि बास्केटबॉल हीं नांवें मुंबईकरांच्या तोंडीं जोडीनेंच येऊं लागलीं. दोराबजी टाटा यांच्या नांवाची समाजकार्याची शाळा १९३६ सालीं सुरू झाली तीही याच वास्तूंत. असो.

नव्या संस्थेचें पहिलें संमेलन जून १९०७ मध्यें शिकागोस भरलें. स्थळाची निवड हेतुपुरस्सर होती. शिकागोच्या दक्षिण भागाच्या उद्यान-मंडळानें १९०५ सालीं कामकऱ्यांच्या वस्तींत लहान लहान उद्यानें खुलीं केलीं होतीं, आणि त्यांत 'फील्डहाउस' या नांवाच्या इमारती बांधल्या होत्या. सभागृह, व्यायामशाळा, स्नानगृहें, वाचनालय असें सर्व एके ठिकाणीं. तें पाहण्यास इतर शहरांनीं आपले प्रतिनिधि पाठवावे अशी शिफारस खुद्द रूझवेल्ट यांनीं केली होती. संमेलनास जोडून क्रीडामहोत्सव झाला. त्यांत निरनिराळ्या देशांतून येऊन शिकागोंत वसलेल्या लोकांनीं आपापले नाच करून दाखविले. त्याच वर्षीं 'द प्लेग्राउंड' हें मासिक सुरू झालें. आतां डेन्व्हरच्या मेट्रनीस बॉस्टनच्या मेट्रनीनें काय केलें तें छापलेलें वाचतां येऊं लागलें. घसरगुंडी किती उंच असावी, मोठीं मुलें धाकट्यांस हुसकून लावतात त्यास उपाय काय, मुलींस वेगळी जागा द्यावी कीं नाहीं, हे प्रश्न वरवर क्षुल्लक खरे. परंतु रोज संध्याकाळीं शंभर मुलांसमोर एकट्यानें उभें राहणाऱ्यास ते क्षुल्लक वाटत नाहींत, हें कोणताही शाळामास्तर सांगेल.

यांत एक मूलभूत प्रश्न होता, आणि त्याची थट्टा वर्तमानपत्रांनीं करणें अगदीं स्वाभाविक होतें. खेळणें मुलांस शिकवावें लागतें काय? मांजरीच्या पिलास कोण शिकवितें? मग खेळ शिकविण्याचा अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्रें हें काय खूळ आहे? संस्थेनें या थट्टेस भीक न घालतां क्लार्क हेदरिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली व १९०९ मध्यें खेळ-शिक्षणाचा एक विस्तृत अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. आमच्या मतें थट्टा करणाऱ्यांची बाजू अर्धीच खरी आहे. आट्यापाट्या किंवा हुतुतू आम्हांस कोणी प्रमाणपत्रधारी गुरूनें शिकविले नाहींत. ते आळींतल्या मोठ्या पोरांनीं शिकविले. परंतु जेथें आळीच मोडली आहे, एका चाळीसारख्या घरांत पांच भाषा बोलणारीं कुटुंबें रोज नवीं येऊन राहतात, रस्त्यांत गाड्यांखालीं मुलें सांपडतात, तेथें तीं मोठीं पोरें कोठून आणावयाचीं? त्यांची जागा या पगारी बाईस घ्यावी लागली.

अशा बायांपैकीं निव्हा बॉयड हिचें नांव विशेषेंकरून घ्यावयास हवें. १९११ सालीं तिनें शिकागोंत क्रीडांगणावर काम करणाऱ्यांसाठीं शाळा काढली, आणि १९२० पासून १९२७ पर्यंत हल हाउसमध्यें तिचा वर्ग चालला. लोकनृत्यें, समूहखेळ, गोष्टी सांगणें, नाट्य, हे तिचे विषय. तिच्या हाताखालीं शिकलेल्या व्हायोला स्पोलिन हिनें पुढें या खेळांतूनच नटांच्या शिक्षणाची एक पद्धति बसविली, आणि अमेरिकेंतील आयत्या वेळीं रचल्या जाणाऱ्या नाट्याची परंपरा तिच्यापासून सुरू झाली. बॉयडची आठवण काढणारे आज फार थोडे. या धंद्यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्यांतील बऱ्याच जणी शाळांतून शिकविणाऱ्या व उन्हाळ्याच्या सुट्टीपुरत्या नेमलेल्या. सुट्टी संपली कीं क्रीडांगण बंद आणि पगारही बंद. वरच्या जागा मात्र बहुधा पुरुषांकडे जात.

संस्थेची सूत्रें कोणाच्या हातीं होतीं हें पाहिलें असतां आणखी एक गोष्ट दिसते. १९१० पासून १९३७ मध्यें मृत्यु येईपर्यंत जोसेफ ली हा बॉस्टनचा श्रीमंत गृहस्थ तिचा अध्यक्ष होता, आणि हॉवर्ड ब्राउचर यानें सुमारें चाळीस वर्षें, १९४९ मध्यें मरेपर्यंत, तिच्या कचेरीचा गाडा ओढला. लीनें स्वतःचा पैसा, वेळ आणि बुद्धि या कामीं वेंचली; त्यास अमेरिकेंत क्रीडांगण-चळवळीचा जनक म्हणतात. तोच ली परदेशांतून येणाऱ्या गरीब लोकांस देशांत घेऊं नये म्हणून झटणाऱ्या 'इमिग्रेशन रेस्ट्रिक्शन लीग'चा एक प्रमुख आधारस्तंभ होता! ज्यांच्या मुलांसाठीं घसरगुंड्या उभारावयाच्या त्यांच्याच नातलगांस बंदरावरून परत लावावयाचें, यांत त्यास विसंगति वाटली नाहीं. परोपकारी मनुष्याच्या मनांत असे दोन कप्पे असूं शकतात, आणि एका कप्प्यांतला वारा दुसऱ्यांत जात नाहीं.

संस्थेनें नांवें बदललीं. १९११ मध्यें तींत 'रिक्रिएशन' हा शब्द आला, १९३० मध्यें ती 'नॅशनल रिक्रिएशन असोसिएशन' झाली. मध्यंतरीं पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या छावण्यांजवळच्या गांवांतून त्यांच्या करमणुकीची व्यवस्था तिनें पाहिली, आणि १९२६ पासून १९३५ पर्यंत न्यूयॉर्कमध्यें पदवीधरांसाठीं एक विद्यालय चालविलें. काम मोठें झालें. तरी घटना तीच राहिली. निर्णय घेणारें मंडळ देणगीदार व प्रतिष्ठित नागरिकांचें. ज्यांच्या हातून काम होई ते नोकरदार तिच्या संमेलनास येत, निबंध वाचीत, टाळ्या वाजवीत, पण संस्था त्यांची नव्हे. यजमानाच्या घरीं वर्षानुवर्षें जेवणाऱ्या पाहुण्यासारखी त्यांची गत होती.

या गोष्टीचा उलगडा मंदीनें केला. १९३५ सालीं सरकारनें बेकारांस काम देण्यासाठीं 'वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन' काढली. तींतून तलाव व क्रीडांगणें तर बांधलीं गेलींच, पण हजारों बेकार स्त्रीपुरुष 'रिक्रिएशन लीडर' म्हणून नेमले गेले. कालपर्यंत कारकुनी करणारा, वाद्यें वाजविणारा, दुकानांत बसणारा मनुष्य आज मुलांस खेळवूं लागला. जुन्या लोकांपुढें पेंच पडला. यांस आपले म्हणावें तर वीस वर्षें मोठ्या कष्टानें मिळविलेली 'ही एक विद्या आहे' ही प्रतिष्ठा धुळीस मिळते. यांस परके म्हणावें तर उपाशी माणसाच्या तोंडचा घास काढल्यासारखें होतें. १९३७ च्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठांत या धंद्याच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठीं महाविद्यालयांची एक परिषद भरली, आणि १९३८ सालीं पिट्सबर्ग येथें राष्ट्रीय संमेलनास जमलेल्या नोकरदारांनीं स्वतःचा निराळा संघ स्थापन केला. १९४६ पासून त्याचें नांव 'अमेरिकन रिक्रिएशन सोसायटी' झालें. देणगीदारांच्या मंडळास यांत कृतघ्नपणा दिसला असल्यास नवल नाहीं. तथापि आमचा कौल नोकरदारांकडे आहे. आपल्या पगाराविषयीं, शिक्षणाविषयीं आणि बढतीविषयीं आपणच बोलावें, हें यजमान कितीही सुशील असला तरी त्याच्या पंक्तीस बसून होत नाहीं.

आतांपर्यंत आम्हीं ज्या बंधुभावाचें वर्णन केलें तो कातडीच्या रंगापाशीं थबकत होता. २७ जुलै १९१९ रोजीं शिकागोच्या सरोवरकांठीं, एकोणतिसाव्या रस्त्याजवळच्या घाटावर, यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णी मुलगा पोहतां पोहतां, कोणी कायद्यानें न आंखलेल्या पण सर्वांस माहीत असलेल्या रेषेपलीकडे गेला. एका गोऱ्यानें दगड मारले, मुलगा बुडाला. त्यांतून जो दंगा उसळला त्यांत ३८ माणसें मेलीं, त्यांतलीं २३ कृष्णवर्णी. ज्या शिकागोस बारा वर्षांपूर्वीं सर्व देशांचे नाच एका मैदानावर झाले तेंच हें शिकागो! महाडच्या चवदार तळ्याचें १९२७ मधील प्रकरण जाणणाऱ्या मराठी वाचकास पाण्याच्या कांठची ही रेषा काय असते तें समजावून सांगावयास नको.

यानंतर, १९२० सालीं, राष्ट्रीय संस्थेनें कृष्णवर्णी वस्त्यांतील कामासाठीं एक वेगळी शाखा काढली व तिच्यावर अर्नेस्ट ॲटवेल यास नेमलें. हा टस्कीगी येथील विद्यालयांत काम केलेला व तेथील फुटबॉल-संघाचा शिक्षक. १९४९ मध्यें मरेपर्यंत त्यानें गांवोगांव हिंडून क्रीडांगणें मिळविलीं आणि तीं चालविण्यास कृष्णवर्णी तरुण-तरुणी तयार केल्या. दक्षिणेंतील नगरपालिकांशीं बोलतांना विभक्तपणाचा नियम न मोडतां जेवढें पदरांत पडेल तेवढें घ्यावें, ही त्याची रीत. तिला आज कोणी मिंधेपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. ज्या मुलांस १९२५ सालीं झोपाळा मिळाला तीं १९५५ सालापर्यंत मुलें राहणार नव्हतीं.

१९५५ च्या नोव्हेंबरांत वरिष्ठ न्यायालयानें बाल्टिमोरच्या स्नानघाटांवरील आणि अटलांटाच्या गोल्फ-मैदानांवरील भेदभाव बेकायदा ठरविला. तेव्हां दक्षिणेंतील कांहीं शहरांनीं असा पवित्रा घेतला कीं बाग सर्वांची व्हावयाची असेल तर ती कोणाचीच नको. अलाबामांतील माँटगोमेरी शहरानें १९५९ च्या आरंभापासून आपलीं सर्व उद्यानें बंद केलीं, प्राणिसंग्रहालयही मोडलें. तीं उद्यानें पुन्हा उघडलीं तीं १९६५ सालीं, आणि तेव्हांही पोहण्याचे तलाव उघडले नाहींत. उद्यानरक्षकांच्या इतिहासांत याहून दुःखाचें पान आम्हांस माहीत नाहीं. माळी असून बागेस कुलूप लावावयाचें, पोहणें शिकविणारा असून तलाव बुजत असलेला पाहावयाचा!

इकडे झाडवाले आणि खेळवाले यांचें मीलन प्रथम संमेलनांतून न होतां नगरपालिकांच्या कचेऱ्यांतून होत गेलें. सॅन फ्रान्सिस्कोचेंच उदाहरण घ्या. तेथें बागा मॅक्लारेनकडे. तो शेवटच्या श्वासापर्यंत, म्हणजे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं १९४३ च्या जानेवारींत वारला तोंपर्यंत, अधिकारावर होता. सत्तरी उलटल्यावर त्यास निवृत्त करावयाचें तर शहरानें नियमच बदलून त्यास ठेवून घेतलें. मुलांचीं क्रीडांगणें निराळ्या मंडळाकडे. त्याची सुपरिंटेंडेंट १९२६ पासून जोसेफीन रँडल ही बाई. तिनें क्रीडांगणांखेरीज मुलांसाठीं एक संग्रहालयही १९३७ सालीं सुरू केलें. तें आज तिच्याच नांवानें ओळखलें जातें. मॅक्लारेन गेल्यावर सात वर्षांनीं, १९५० मध्यें, दोन्ही मंडळें एक झालीं, आणि पुढच्याच वर्षीं रँडल निवृत्त झाली. पंचवीस वर्षें स्वतंत्र खातें सांभाळलेल्या बाईनें जोडलेल्या खात्यांत फार दिवस काढले नाहींत, एवढी गोष्ट नोंदून आम्ही पुढें जातों.

राष्ट्रीय एकीकरण व्हावयास आणखी पंधरा वर्षें लागलीं. बागवानांस भय असें कीं खेळवाल्यांचीं माणसें संख्येनें व वक्तृत्वानें आपल्याला गिळतील. खेळवाल्यांस भय असें कीं जमीन, अंदाजपत्रक आणि यंत्रें ज्यांच्या ताब्यांत त्यांच्या हाताखालीं आपण 'उन्हाळ्यापुरते' ठरूं. राष्ट्रीय संस्थेच्या देणगीदारांपुढें निराळाच प्रश्न होता: सांठविलेला निधि व साठ वर्षांचा लौकिक नोकरदारांच्या स्वाधीन करावा कीं काय? अखेर ऑगस्ट १९६५ मध्यें पांच संस्था मिळून 'नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशन' झाली. देणगीदारांची जुनी राष्ट्रीय संस्था, १९३८ सालीं तिच्यांतून निघालेला नोकरदारांचा संघ, बागवानांची इन्स्टिट्यूट, संस्थानांच्या राखीव उद्यानांचें १९२१ मध्यें निघालेलें मंडळ, आणि प्राणिसंग्रहालयवाल्यांचा संघ, अशा त्या पांच. अध्यक्ष लॉरन्स रॉकफेलर झाले. यजमान गेले तरी त्यांचा पाट रिकामा राहिला नाहीं.

नव्या संस्थेच्या मासिकास 'पार्क्स अँड रिक्रिएशन' हें नांव मिळालें. हें नांव मुळीं नवें नव्हतें. बागवानांच्या संघानें १९१७ सालीं काढलेल्या नियतकालिकाचें तें नांव होतें. झाडें लावणाऱ्यांनीं आपल्या मुखपृष्ठावर तो दुसरा शब्द अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वींच छापून ठेवला होता. प्राणिसंग्रहालयवाले मात्र या एकत्र कुटुंबांत फार काळ नांदले नाहींत. आपल्या जनावरांचे प्रश्न मुलांच्या व झाडांच्या प्रश्नांहून वेगळे आहेत असें म्हणून १९७१ मध्यें त्यांनीं विभक्त होण्याचें ठरविलें, आणि १९७२ च्या जानेवारींत आपला स्वतंत्र संघ नोंदवून ते बाहेर पडले.